वरच्या वाटेचा गरनाळा

गेल्या हिवाळ्यात धाकटी बहीण मंदा हिला गाडीत घेऊन मी वापीला एका लग्नाला निघाले होते. तलासरीच्या पुढे नव्या द्रुतगती मार्गावर चढण्यासाठी इंटरचेंज आहे. तिथे मी डावीकडे वळायच्या ऐवजी सरळ गेले, मग चूक सुधारायला एक रॅम्प घेतला, आणि पाच मिनिटांनी आम्ही पुन्हा जुन्या हायवेवर, तेही मुंबईच्या दिशेने तोंड करून आलो. मंदाने शांतपणे विचारलं, "ताई, हा रस्ता तूच काढला होतास ना?"

मी हो म्हटलं. 

मी तीस-बत्तीस वर्षं रस्त्यांची आखणी केली. डहाणूची मुलगी आणि इंजिनिअर म्हटल्यावर लोकांना वाटायचं मी हेल्मेट घालून डांबर ओतून घेत असेन. प्रत्यक्षात मी वाशीच्या एका सल्लागार कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसून रेघा वाकवायची. रेघ किती वाकवायची, हाच सगळा धंदा. ताशी शंभरने येणाऱ्या गाडीला फार लवकर वाकवलं तर ती उलटते. फार सावकाश वाकवलं तर रस्ता लांबतो आणि कुणाची तरी आणखी जमीन जाते.

इंटरचेंज म्हणजे दोन मोठे रस्ते एकमेकांना सिग्नलशिवाय भेटतात ती जागा. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावीकडे वळणं सोपं असतं. त्रास उजवीकडे वळण्याचा. समोरून येणाऱ्यांना आडवं जायचं नसेल तर एकच उपाय उरतो: आधी पूल ओलांडून पुढे जायचं आणि मग डावीकडे वळत वळत पाऊण फेरा मारून उजव्या दिशेला लागायचं. त्या पाऊण फेऱ्याला लूप म्हणतात. माणसाला हे समजावून सांगणं फार अवघड जातं. उजवीकडे जायचं असेल तर डावीकडे वळा, असं सांगितल्यावर समोरचा तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ती नजर मला पाठ आहे.

तलासरीचं काम आमच्याकडे आलं तेव्हा मी मुद्दाम मागून घेतलं. माहेर डहाणूजवळ आशागडला, त्यामुळे मुलुख ओळखीचा, असं मी साहेबांना सांगितलं. खरं तर डहाणूत वाढलेल्या माणसाला डोंगराकडच्या पाड्यांची फारशी माहिती नसते. आम्ही समुद्राकडे तोंड करून वाढलेलो. ते मला तिथे गेल्यावर कळलं.

द्रुतगती मार्ग डोंगराच्या अंगाने उत्तरेकडे जाणार होता आणि जुना हायवे त्याच्या पश्चिमेला, बराच खाली. दोघांना जोडायला एक जोडरस्ता हवा होता. तो डोंगराकडून हायवेकडे उतरत येणार, दोन मजली घराएवढ्या भरावावरून. वरच्या टोकाला लूप आणि रॅम्प, खालच्या टोकाला हायवे. कागदावर हे फार देखणं दिसायचं.

हायवेवरचे एक हॉटेलवाले, बाबूभाई, हे माझ्या ड्रॉइंगचे पहिले खरे वाचक. आमच्या साइट ऑफिसात ते फाफड्याचा पुडा आणि सुतळीचा तुकडा घेऊन आले. सुतळी त्यांनी माझ्या रॅम्पवर वाकवून ठेवली, मग ती सरळ करून पट्टीवर मोजली आणि म्हणाले, "बेन, ट्रकवाल्याला माझ्याकडे यायला एवढा फेरा. चहा गार होऊन जाय. ही लाइन जरा माझ्या दाराशी उतरवा ने."

"बाबूभाई, तिथे उतरवली तर मागून येणारा ट्रक तुमच्या काउंटरवर येईल."

"येवा द्या. गिऱ्हाईक आहे."

लाइन मी हलवली नाही. पण एवढ्या बारकाईने माझं ड्रॉइंग आमच्या कंपनीतही कुणी तपासलं नव्हतं. पुढे पाड्यावर जे झालं ते बाबूभाई तिथे असते तर झालं नसतं, असं मला अजून वाटतं.

जोडरस्त्याच्या उत्तरेला दोन पाडे होते. डोंगराच्या पोटाशी डोंगरीपाडा आणि हायवेच्या बाजूला चिंचपाडा. दोन्हीकडे भात आणि नागली, म्हणजे नाचणी, करणारी, उरलेले महिने मजुरीला जाणारी माणसं. त्यांची शेतं दक्षिणेला, म्हणजे भरावाच्या पलीकडे जाणार होती. डोंगरीपाड्याचा झराही पलीकडे. उन्हाळ्यात आजूबाजूच्या विहिरी आटल्या की तेवढा एक झरा टिकायचा. चिंचपाड्याला मात्र स्वतःची बोअरिंग होती. दोन्ही पाड्यांच्या पायवाटा वेगळ्या होत्या, डोंगरीपाड्याची वरची आणि चिंचपाड्याची खालची. मंजुरी एकाच गरनाळ्याला होती. रस्त्याखालून माणसं, बैल, सायकल जाण्याची जी वाट काढतात तिला आमच्याकडे गुजरातीतून आलेला हा शब्द आहे. गरनाळा कुठे घ्यायचा हे लोकांना विचारून ठरवा, असा आदेश आला. मला तो आदेश आवडला होता. लोकांना विचारण्याचे आदेश फार वेळा येत नसत.

बैठक चिंचपाड्यात लखमाकाकांच्या अंगणात झाली. लखमा वरठा हे पूर्वीचे पोलीस पाटील, दोन्ही पाड्यांत शब्दाला वजन असलेला माणूस. आमचा सर्वेयर रमण भोईर जव्हारकडचा, त्याला तिथली बोली येत होती. जोडरस्त्याचं ड्रॉइंग म्हणजे एक लांब पट्टी असते, हात-दीड हात रुंद आणि पुरुषभर लांब. ती आम्ही बाजेवर उलगडली. वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. पुरुष बाजेभोवती बसले, बायका मागे भिंतीशी उभ्या राहिल्या.

मी मराठीत सांगितलं, भोईरने बोलीत सांगितलं. रस्ता असा येणार, भराव एवढा उंच, पलीकडे जायची वाट एकच. कुठे हवी?

बराच वेळ आपसात बोलणं चाललं. मग एक एक जण म्हणू लागला, "वर. वर पायजे." चिंचपाड्याची माणसंही तेच म्हणाली. डोंगरीपाड्याला पाण्यासाठी वाट हवी, आम्हाला थोडा फेरा पडला तरी चालेल, असा त्याचा अर्थ भोईरने मला सांगितला. मला भरून आलं. मी वहीत लिहिलं: एकमत, वरची वाट.

मग मी लाल पेन्सिल लखमाकाकांच्या हातात दिली. "काका, वर जिथे गरनाळा हवा तिथे गोल काढा."

ते बाजेच्या एका टोकाला बसले होते. त्यांनी पट्टीवरून बोट लांबपर्यंत नेलं, थोडं मागे आणलं आणि गोल काढला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गोल बघितला. गोल छान आला होता, एवढंच मला आठवतं. त्या गोलाशेजारी सह्या झाल्या, अंगठे उमटले, आणि नाचणीची भाकरी खाऊन आम्ही निघालो.

ऑफिसात पोचल्यावर ती पट्टी ड्राफ्टिंगच्या विभागाकडे गेली. गोल होता तिथे गरनाळा बसला. मी लूपच्या त्रिज्येत गुंतले होते. वही बॅगेत राहिली.

आमच्या धंद्यात आखणी आणि बांधकाम यांच्यामध्ये वर्षं जातात. जमीन घेतली जाते, निविदा निघतात, माणसं बदलतात. मी मधल्या काळात दुसऱ्या तीन कामांवर होते. तलासरीला परत गेले तेव्हा जोडरस्त्याचा भराव हायवेकडून वर चढत आला होता आणि खालच्या वाटेवर गरनाळा बांधून तयार होता. चिंचपाड्याच्या शेळ्या त्यात सावलीला बसल्या होत्या.

मी ठेकेदाराच्या माणसाला म्हटलं, "हा इथे कसा?"

"ड्रॉइंगप्रमाणे, मॅडम."

मी वर चालत गेले. वरच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या होत्या, महिन्या-दोन महिन्यांत भराव तिथे पोचणार होता. डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई पलीकडून येत होती. पन्नाशीची, काटक. माझ्यासमोर येऊन ती थांबली. आमच्याकडे पाड्यावरची माणसं लहानमोठ्या सगळ्यांना 'तू' म्हणतात, त्यात अनादर नसतो.

"तूच ना ती कागूदवाली बाय?"

मी हो म्हटलं.

"आमी वर बोलेलो. तू खाली केलास."

तिचं नाव जमनी धोडी. झऱ्यावरून डोंगरीपाड्याला तिला पाव तास लागायचा. भराव इथे पोचला की आधी त्याच्या कडेने खाली गरनाळ्यापर्यंत जायचं, मग पलीकडून तेवढंच वर चढायचं, आणि परत येताना हंडा घेऊन पुन्हा तेच. ती दिवसातून तीन खेपा करायची. घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता.

"बैठकीत तुम्ही होता का?" मी विचारलं.

"मी पाठीमागं उभी होती. मला कागूद दिसला नाय. तुजं डोकं दिसलं."

त्या संध्याकाळी मी वही काढली. वहीत वरची वाट. मग पट्टीची प्रत काढली. पट्टीवर लाल गोल खालच्या वाटेवर, शेजारी अंगठे. दोन्ही खरे कागद, दोन्ही एकाच तासातले. मी ते शेजारी शेजारी ठेवले. आयुष्यभर मी कागदाला प्रमाण मानत आले होते, आणि इथे दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध साक्ष देत होते.

दुसऱ्या दिवशी लखमाकाकांकडे गेले. तीच बाज, त्याच जागी.

"काका, सगळे वर म्हणाले होते. मग तुम्ही गोल खाली का काढलात?"

"तू बोलली, वर गोल काड. मी वर काडला."

"वर म्हणजे डोंगराकडे."

"डोंगर कागदात कुठं होता?"

डोंगर कागदात नव्हताच. रस्त्याच्या ड्रॉइंगमध्ये रस्ता असतो. डोंगर म्हणजे फिकट, बारीक रेघा, त्या वाचायला आम्ही चार वर्षं कॉलेजात घालवतो. काका बाजेच्या टोकाशी बसले होते. त्यांच्यापासून दूरचं टोक म्हणजे कागदाचं वर. ते टोक हायवेकडचं असेल, तर त्यांनी माझं तंतोतंत ऐकलं होतं.

पण ते टोक हायवेकडचं होतं का? भोईर म्हणाला, "मॅडम, तुम्ही डोंगराकडचं टोक काकांच्या जवळ मांडलं होतं, पण नंतर ऊन डोळ्यांवर येतं म्हणून कागद फिरवला की. मीच फिरवला. की आधी फिरवला आणि मग तुम्ही बोलायला लागलात?" त्याला आठवत नव्हतं. मलाही आठवत नव्हतं.

जमनीबाईचं म्हणणं सरळ होतं. "लखम्याचा पाडा खालचा. त्यानं त्याच्या दारात गरनाळा घेतला. त्यात काय समजायचं?"

हे मी काकांना विचारलं नाही. पण त्यांनीच आपणहून विषय काढला. "जमनी काय बोलते ते मला म्हायत हाय. पण बाय, मी त्या कागदात माजा पाडा बी शोधत होतो. नाय सापडला." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होते. त्यावरून काय धरायचं, मला आजही कळत नाही.

मी वाशीला जाऊन साहेबांना सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पट्टी मागवली, बघितली आणि म्हणाले, "गोल त्यांचा. अंगठे त्यांचे. सावेबाई, यात तुमची चूक कुठे आहे?"

"वहीत वेगळं आहे."

"वही कुणी मागितली आहे?"

दुसऱ्या गरनाळ्याला मंजुरी मिळणार नाही हे आम्हा दोघांना माहीत होतं. मिळवायची तर आधी लेखी कबूल करावं लागलं असतं की पहिला चुकीच्या जागी झाला. कुणाच्या चुकीने, हा पुढचा प्रश्न आला असता. मी ते पत्र लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत 'माझ्या चुकीमुळे' लिहिलं, मग 'गैरसमजामुळे' केलं, मग 'कदाचित' घातलं. पत्र तिथेच थांबलं.

वरच्या वाटेच्या अगदी शेजारून एक ओहोळ जायचा. डोंगरातून पाड्याच्या अंगाने उतरून तो जोडरस्त्याखालून शेतांकडे जाणार होता. त्याच्यासाठी आम्ही सिमेंटचे दोन पाइप दिले होते. पाइपांतून पाणी जातं, माणूस जात नाही. पण पाइपांच्या जागी चौकोनी मोरी, म्हणजे पाणी जायला काँक्रीटचा छोटा बोगदा, घेतली आणि तिच्या एका कडेला उंच ओटा ठेवला, तर पाऊस सोडून बाकीच्या दिवसांत माणूस हंडा घेऊन त्यातून जाऊ शकतो. पाइपांऐवजी मोरी द्यायची असेल तर वाटेचं कारण चालणार नव्हतं, पाण्याचं चाललं असतं. आमच्या नियमांत त्याची रीत आहे. नकाशावरून पाण्याचा हिशेब करायचा आणि मग गावातल्या जुन्या माणसाला विचारायचं, की पूर कुठपर्यंत चढलेला बघितलाय. नकाशाच्या हिशेबाने पाइप जेमतेम पुरत होते. एका सूत्राने पुरत होते, दुसऱ्या सूत्राने नव्हते.

भोईरला आणि जमनीबाईला घेऊन मी ओहोळावर गेले. काठावर एक जुनं उंबराचं झाड होतं. मी विचारलं, "जमनीबाई, मोठ्या पावसात पाणी या झाडाला कुठपर्यंत येतं?"

तिने झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुठवर यायला पायजे?"

भोईर दुसरीकडे बघू लागला. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. 'खरं असेल ते सांगा' एवढं म्हणायला काय लागतं? मी गप्प उभी राहिले आणि माझं गप्प राहणं तिला समजलं, असं मला वाटलं. ती झाडाजवळ गेली, टाचा उचलल्या आणि हात उंच करून खोडावर ठेवला. "इथवर."

भोईरने तिथे खडूची खूण केली आणि फोटो काढला. त्या उंचीने हिशेब केला तर दोन पाइप हास्यास्पद ठरत होते. मी तसा अहवाल दिला: स्थानिक चौकशीनुसार पुराची पातळी अमुक, सबब मोरी आवश्यक. त्यात खोटं एक वाक्य नव्हतं. ओट्याचं कारण 'देखभालीसाठी' असं लिहिलं. सही करताना माझ्या मनात येत होतं, की नोकरीत मी पहिल्यांदा पुराची पातळी हवी तशी करून घेतली. आणि त्याच वेळी हेही येत होतं, की एक चूक मी कबूल करत नाही म्हणून दुसरी करते आहे. यातलं जास्त वाईट कुठलं, ते ठरवता आलं नाही.

मोरी मंजूर झाली. बांधलीही गेली. डोंगरीपाड्याच्या बायका तिच्यातून जाऊ-येऊ लागल्या. मी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात तलासरीच्या इंटरचेंजचं कौतुक केलं, लूपची त्रिज्या वगैरे. आशागडला राहायला आले तेव्हा अर्धवट पत्र मी बरोबर आणलं, कपाटात ते अजून आहे.

परवाच्या श्रावणात तीन दिवस सलग पाऊस झाला. चौथ्या दिवशी सकाळी भोईरचा फोन आला. तो आता तलासरीतच राहतो.

"मॅडम, मोरी बघायला या."

"पडली का?"

"नाही. तुम्ही या."

रिक्षा, मग जीप, मग चिखलातून पायी असं करत दुपारी पोचले. पाणी ओसरलं होतं. उंबराच्या खोडाला काटक्या, गवत आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. त्यांची एक सरळ रेघ झाडाभोवती उमटली होती. भोईरने मोबाइलमधला जुना फोटो काढून शेजारी धरला. खडूची खूण आणि ती रेघ यांच्यात चार बोटांचा फरक नसेल. मोरी छतापर्यंत भरून वाहिली होती. ओट्यावर गाळ बसला होता.

"पाइप असते तर पाणी भरावाला अडलं असतं," भोईर म्हणाला. मी मागे वळून बघितलं. भरावापासून डोंगरीपाड्याची पहिली घरं हाकेच्या अंतरावर, भरावापेक्षा खाली. जमनीबाईचं त्यात पहिलं.

ती दाराशी फावड्याने चिखल ओढत होती. मी जवळ गेले. काय विचारायचं ते मी वाटेत तीन-चार वेळा मनात मांडलं होतं, आणि तरी ते नीट आलं नाही.

"जमनीबाई, त्या दिवशी तुम्ही हात ठेवलात, ती जागा तुम्हाला माहीत होती? म्हणजे पाणी खरंच तिथपर्यंत यायचं?"

ती फावड्यावर रेलली.

"माजी सासू सांगायची, लय वर येतं. किती ते तिनं नाय सांगितलं."

"मग हात तिथेच का ठेवलात?"

"तिथवरच पोचला, बाय."

मग तिने फावडं भिंतीला टेकवलं, रिकामा हंडा उचलला आणि ती झऱ्याकडे निघाली. मी तिच्या मागोमाग मोरीत उतरले. ओटा निसरडा झाला होता. मधे एका जागी माझा पाय सरकला तेव्हा तिने मागे न बघताच हात पुढे केला, आणि तो धरून मी पलीकडे गेले.